अर्ध्या पावलाचं घराणं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज केमिस्टने न्हाव्याच्या पायावर पाय दिला. चांगला दणकून! न्हावी कळवळला, मागच्या रांगेतल्या जुळ्या बहिणी फिसकन हसल्या, आणि ताई-चीतली 'ढगांसारखे हात' ही चाल करायच्या ठिकाणी सतरा माणसं एकमेकांची माफी मागत उभी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये असा सावळागोंधळ बावीस वर्षांत झाला नव्हता.

दोष केमिस्टचा नाही. भूगोलाच्या बाईंचा आहे.

मास्तरांना नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ताई-चीचा वर्ग आम्ही दोघं चालवतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार मी, मधले वार बाई. मास्तरांच्या क्रमात 'चाबूक' झाला की डावं पाऊल अर्धं मागे घ्यायचं, गुडघ्यात किंचित बसायचं आणि मग वळायचं. मास्तर असंच करायचे. मी असंच करतो. आणि बाई? महिना झाला, त्यांच्या वारी सगळ्यांना टाचेवर सरळ वळवतात! का, तर 'कुठल्याही पुस्तकात हे अर्धं पाऊल नाही.' झालं! आज निम्मे मागे आले, निम्मे जागच्या जागी वळले, आणि केमिस्ट व न्हावी यांची गाठ पडली.

वर्ग सुटल्यावर बाई म्हणतात कशा — 'चष्मेवाले, तुमच्या अर्ध्या पावलाने पहिला बळी घेतला.'

माझ्या म्हणे! मास्तरांच्या म्हणा की!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही. दुकानात काम आहे असं कळवलं. काम नव्हतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज सगळे धडपणे मागे आले. न्हावी मात्र केमिस्टपासून चार हात लांब उभा होता.

नंतर नेहमीप्रमाणे खाली टपरीवर चहा. अठरा वर्षं मी आणि बाई वर्ग सुटला की तिथल्या त्याच बाकड्यावर बसतो. वाद घालायचा तर चहा पिऊनच, हा आमचा नियम. आज विषय निघाला मुळाचा. म्हणजे पार मुळाचा — ताई-ची काढली कुणी?

मी म्हटलं, डोंगरातल्या साधूने. साप आणि बगळा झुंजताना त्याने पाहिले. बगळा चोच मारतो, साप अलगद अंग चोरतो. त्यावरून त्याला सगळं सुचलं.

बाई म्हणाल्या, 'कुणी पाहिलं त्याला पाहताना?'

हे काय विचारणं झालं! बाईंचं मत असं, की साधूबिधू सगळं मागाहून चिकटवलेलं. एका खेड्यातल्या निवृत्त शिपाईगड्याने हे बसवलं, त्याच्या घराण्यात ते चाललं, आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. जन्मभर पोरांना नद्यांचे उगम पाठ करायला लावले ना, त्यामुळे बाईंना प्रत्येक गोष्टीचा उगम नकाशावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

'बरं, ते सोडा,' म्हणाल्या. 'मास्तर कुणाकडे शिकले? शिंप्याकडे. शिंपी कुणाकडे शिकला? सांगा.'

इथे जरा पंचाईत होते. मास्तर जहाजावर सुतार होते. एका बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं आणि चौदा महिने तिथेच अडकलं. गोदीच्या मागे एक म्हातारा शिंपी पहाटे अंगणात हात हलवायचा. मास्तर त्याच्याकडे शिकले. एवढंच आम्हांला ठाऊक. शिंप्याच्या मागे काय, ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारावं तर मास्तरांना झटक्यानंतर एकच शब्द येतो — 'चहा.' भूक लागली तरी चहा, पंखा हवा असला तरी चहा.

'आणि हे अर्धं पाऊल,' बाई म्हणाल्या, 'तुम्ही शिकायला गेलात त्या पहिल्या दिवशीही होतं?'

'अर्थात!' मी म्हटलं. 'पहिला विद्यार्थी मी. चार महिने मास्तरांच्या अंगणात एकटाच होतो. मला माहीत नसेल तर कुणाला?'

खरं सांगायचं तर पहिला दिवस मला धड आठवत नाही. दुकानातल्या लाकडी घोडीवरून पडून डावा घोटा मोडला होता, प्लॅस्टर नुकतं निघालं होतं, डॉक्टरांनी हळूहळू काहीतरी हालचाल करा म्हणून सांगितलं म्हणून गेलो होतो. सगळं लक्ष त्या ठणकणाऱ्या घोट्याकडे. पण हे बाईंना कशाला सांगा!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वंशवृक्ष करायला घेतला. हॉलच्या भिंतीवर लावायचा. दुकानात डोळे तपासायच्या अक्षरांचा एक जुना तक्ता पडून होता, त्याची मागची बाजू कोरी. वर ठळक अक्षरांत साधू. मग साप आणि बगळा (चित्र काढलं — बगळा बदकावर गेला). मग साडेतीनशे-चारशे वर्षांची एक लांब तुटक रेघ. मग शिंपी. मग मास्तर. त्याखाली — जागा होती म्हणून — मी.

बायको बघून म्हणाली, 'अहो, या रेघेत माणसं नाहीतच की.'

म्हटलं, आहेत. अज्ञात आहेत.

'मग माझ्या माहेरचाही असा करून द्या. वर एखादा राजा टाका.'

हिला बावीस वर्षं एकच विनोद सुचायचा — 'कुणाच्या ताईची?' आता दुसरा सुचला. दोन्ही माझ्याच वाट्याला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाईंच्या वारी मुद्दाम गेलो आणि मुद्दाम अर्धं पाऊल मागे घेतलं. माझ्या मागे केमिस्ट होता. तो बिचारा बाईंचं ऐकून जागच्या जागी वळत होता. माझं कोपर त्याच्या बरगडीत.

मग मात्र बाई भडकल्या. सगळ्यांसमोर! 'चष्मेवाले, तुम्ही काय लहान आहात का?' मी पण ऐकून घेणार नव्हतो. म्हटलं, मास्तर अजून हयात आहेत, त्यांची चाल बदलणाऱ्या तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, 'मी चुका गाळते. गुरूच्या चुका पाठ करणं म्हणजे परंपरा नाही.' मी म्हटलं, चूक? मास्तरांची? त्या म्हणाल्या, 'का, मास्तरांची चूक होऊ नये असं काही आहे का?'

 नंतर बाईंनी माझा भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, 'हा वंशवृक्ष नाही हो, हे कुंडीतलं रोपटं आहे.' जुळ्या बहिणी हसल्या. दोघींच्या चष्म्यांच्या काचा मी फुकट घासून दिल्या होत्या!

शेवटी बाईंनी बॉम्ब टाकला. नदीपलीकडच्या शाळेचा हॉल त्यांना मिळतोय. सगळं असंच चालणार असेल तर त्या तिकडे वर्ग काढतील, ज्यांना यायचं ते येतील. नाहीतर ताई-ची महासंघाच्या तज्ज्ञांना बोलावू, ते चाल पाहून निवाडा करतील. हरेल त्याने आपले वार सोडायचे.

मी म्हटलं, बोलवा! आजच पत्र टाका!

चहाला थांबल्या नाहीत. मी एकट्याने प्यायलो. सवयीने दोन सांगितले होते, दोन्ही प्यायलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

मास्तरांकडे गेलो तर बाई आधीच तिथे! नदीचा, शाळेचा काही विषय काढला नव्हता त्यांनी, एवढं बरं. मास्तर खुर्चीत, खिडकीजवळ. उजवा हात मांडीवर निपचित. सुताराचा हात आहे तो — या हाताने जहाजं दुरुस्त केली, आमच्या हॉलची फळीन् फळी बसवली. बघवत नाही.

वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नींनी, खुर्च्या दिल्या. त्या फारशा बोलत नाहीत. आम्ही भांडत असलो की आत कपाट आवरतात.

वर्गात काय चाललंय ते मास्तरांना कळलं असावं. केमिस्ट औषधं द्यायला येतो, त्याचं तोंड कुठे झाकून राहतं! मास्तर एकदा माझ्याकडे बघत, एकदा बाईंकडे. मग डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. दोनदा. वर्ग एकत्र ठेवा, असंच ना? दुसरं काय असणार! बाईंनी पदराने चष्मा पुसला. काच पुसायचं फडकं मी त्यांना दिलेलं आहे, कधी वापरत नाहीत.

मग बाईंनी सरळच विचारलं. 'मास्तर, 'चाबूक' झाल्यावरचं ते अर्धं पाऊल — ते आलं कुठून?'

आणि मास्तर हसले! तोंडाची एकच बाजू हसते आता, पण डोळे दोन्ही हसले. डावा हात उचलला आणि बोट थेट माझ्याकडे रोखलं. आधी माझ्याकडे, मग खाली माझ्या पायाकडे. आणि म्हणाले — 'चहा.'

वहिनी काहीतरी सांगायला पुढे झाल्या होत्या, पण चहा म्हटल्यावर आत गेल्या.

मला भरून आलं. हा अर्थ कळायला पुस्तकं लागत नाहीत. ते पाऊल मी तुझ्या हवाली केलंय, आता तुझे पाय, तूच सांभाळ! बावीस वर्षांनी मास्तरांनी मला वारस नेमलं, तेही बाईंच्या देखत.

जिन्यात बाई म्हणाल्या, 'मला तर वाटलं, ते म्हणतायत या माणसाला आधी बाहेर काढा.'

नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय!

बुधवार, १२ फेब्रुवारी

तज्ज्ञांचं उत्तर आलं. रविवारी सकाळी येतायत. पत्रात सूचना — फक्त गरम पाणी, बसायला पाठ नसलेली खुर्ची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुकानाचं शटर अर्धं ओढून दुपारी आरशासमोर सराव. आमच्याकडे आरसे भरपूर, पण सगळे तोंडापुरते. पाय बघायचा तर आरसा जमिनीवर ठेवावा लागतो. एक गिऱ्हाईक वाकून आत आलं, मला बघितलं, आणि 'नंतर येतो' म्हणालं.

तक्त्यावर माझ्या नावाखाली एक रेघ मारली. वारस म्हटल्यावर रेघ हवीच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बायकोने विचारलं, 'आणि बाई हरल्या तर?'

म्हटलं, हरतील.

'तसं नाही हो. हरल्या तर मग तुम्ही सकाळी भांडणार कुणाशी?'

 आज झोप नीट लागेल असं वाटत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

जिंकलो.

सविस्तर लिहितो. तज्ज्ञ आले — किडकिडीत, बोटभर दाढी, पायांत आवाज न करणारे बूट. गरम पाणी घेतलं, डोळे मिटून बसले. मग आम्हा दोघांना चाल करून दाखवायला सांगितलं. आधी बाई. खोटं कशाला लिहू, बाईंचं वळण सुरेख असतं. अगदी पाण्यावरून हात फिरवल्यासारखं. तज्ज्ञांनी 'ठीक' म्हटलं, एवढंच.

मग मी. 'चाबूक' — अर्धं पाऊल मागे — बसलो — वळलो. तज्ज्ञ ताडकन उठले. 'थांबा! पुन्हा.' पुन्हा केलं. 'पुन्हा.' तिसऱ्यांदा केलं तेव्हा ते हॉलच्या फळ्यांवर चक्क पालथे पडून माझा डावा पाय न्याहाळत होते! घोट्यापासून चार बोटांवर नाक. मोजे धुतलेले होते, देवाची कृपा.

उठले तेव्हा आवाज बदललेला. 'हे मी फक्त ऐकून होतो,' म्हणाले. 'हे लुप्त झालं असं मानतात. बघा — टाच आधी टेकत नाही, घोटा राखलेला आहे, वजन चोरून मागे नेलंय. सापाने अंग चोरावं तसं! हे पुस्तकात सापडणार नाही. हे अंगातूनच अंगात येतं.'

बाईंनी विचारलं, 'पुरावा?'

तज्ज्ञ हसले. 'बाई, पुरावा तुमच्यासमोर उभा आहे.'

आणि मी उभा होतो! छाती अशी फुगली की वरचं बटण ताणलं. त्यांनी माझ्या पायाचे फोटो काढले, प्रमाणपत्र लिहिलं — 'अस्सल प्राचीन चाल, दुर्मीळ शाखा' — आणि तक्त्यावरच्या साधूला नमस्कार केला. बदकालाही केला.

केमिस्टने टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने मला मिठी मारली.  बाईंनी पिशवीतून हॉलची किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली. 'अभिनंदन,' म्हणाल्या. कुत्सितपणा नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. जिना उतरताना कठड्याला धरून उतरल्या — नव्या चष्म्याने त्यांना पायऱ्या नीट दिसत नाहीत, गेल्या महिन्यात मलाच म्हणाल्या होत्या. मी 'बघू' म्हटलं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आठ जण. मोजून आठ!

न्हावी आला नाही. जुळ्या बहिणी आल्या नाहीत. त्या बाईंबरोबर नदीपलीकडे जाणार म्हणे. हॉल इतका रिकामा की केमिस्ट मागे आला तरी पाय द्यायला कुणी नव्हतं. सगळ्यांनी अर्धं पाऊल अगदी भक्तिभावाने घेतलं. एकाने तर डोळे मिटले. वळताना काहीतरी जाणवतं म्हणे, पाठीच्या कण्यात. मी 'जाणवणारच' म्हटलं.

टपरीवर एकच चहा सांगितला. पोटभर वाद घालायचा होता, पण प्रमाणपत्राशी वाद कसा घालणार? ते सगळ्याला हो म्हणतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंचा वार. आता माझा. सहा जण.

संध्याकाळी बाईंच्या घरावरून दोनदा गेलो. दिवा होता. त्यांच्या काचांचं माप दुकानातल्या वहीत पाहिलं — जवळचं वाचायचा भाग अर्ध्या सेंटिमीटरने वर बसलाय. म्हणजे पायऱ्या दिसणारच नाहीत. चूक माझी. आणि मी महिनाभर 'बघू' म्हणतोय, अर्ध्या पावलाच्या मागे!

जिंकलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. होत नाहीये. बाईंची आठवण येते, हे आता इथे तरी लिहितो. मास्तरांची दोन चिकटलेली बोटंही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत वर्ग फुटला, आणि किल्ल्या माझ्या खिशात.

उद्या वर्गानंतर प्रमाणपत्र मास्तरांना दाखवायला नेतो. त्यांना तरी बरं वाटेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. 'प्राचीन' म्हटलं तसे मास्तर हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनी कपाट सोडून बाहेर आल्या. 'अहो भाऊजी, कसली प्राचीन! ते पाऊल तुमचं आहे. पहिल्या दिवशी आमच्या अंगणात तुमचा घोटा वळेना, म्हणून तुम्ही मागे लंगडलात आणि शरमेने लालेलाल झालात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही गेल्यावर हे म्हणाले — हा उद्या यायचा नाही. मीच असं करतो, म्हणजे त्याला वाटेल असंच असतं. मग पुढे सगळ्यांना तसंच शिकवलं. एकट्या तुमचं वेगळं दिसू नये म्हणून.' मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? 'मला कुणी विचारलंत?'

मास्तर माझ्या पायाकडे बघत होते. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. आणि नोव्हेंबरपासून पहिल्यांदा दुसरा शब्द आला —

'घोटा?'

'बरा आहे, मास्तर,' म्हटलं. 'कधीच बरा झाला.' 

बाईंची किल्ली घेतली आहे, चष्म्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आहे. बाईंकडे निघालो.